मुलाला सुई टोचायची आहे: मलम, मोबाइल की व्हीआर चष्मा?

लेकराचं रक्त काढायचंय किंवा सलाईन लावायचंय, आणि त्याने आदल्या रात्रीपासून घर डोक्यावर घेतलंय. अशा वेळी नाशिकमध्ये व्हीआर चष्मा (डोळ्यांवर चढवला की चहूबाजूंना खेळातलं आभासी जग दिसतं तो) असलेला दवाखाना शोधावा का? माझं मत स्पष्ट आहे: एका सुईसाठी नको. भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग वारंवार होणार असेल, तर जरूर शोधा.

सुईचं दुखणं कमी करायला सुन्न करणारं मलम सरस. त्यात लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असतं. अडचण वेळेची, लावून, वर प्लास्टिकची पट्टी चिकटवून तासभर थांबावं लागतं. लॅबमध्ये तेवढी सवड कोण देतो? म्हणून डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा: शीर कुठली घेणार, मलम किती लावायचं. सिन्नरहून येणाऱ्यांनी निघतानाच लावलं, तर नाशिकला पोचून नंबर लागेपर्यंत जागा बधिर झालेली असते. तान्ह्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. जास्त झालं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होऊ शकते. तान्ह्याला अंगावर पाजत लस टोचणं हा फार चांगला उपाय आहे.

मन रमवायला मोबाइल फुकटात होतो. कार्टून आधीच डाउनलोड करून ठेवा, एवढंच.

चष्म्याचं खरं काम दिसतं ते लांबलेल्या, पुन्हा पुन्हा होणाऱ्या उपचारांत. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी १९९०च्या दशकात भाजलेल्या रुग्णांवर व्हीआर वापरायला सुरुवात केली आणि त्यातून ‘स्नोवर्ल्ड’ हा व्हीआर खेळ तयार झाला. पट्टी सोलली जात असताना रुग्ण बर्फाच्या दरीत चेंडू फेकत असतो. मन तिकडे गुंतलं की वेदनेकडे द्यायला लक्ष उरत नाही. दिवाळीत फटाक्याने हात भाजलेल्या पोराला हे ड्रेसिंग किती छळतं ते पाहिलेल्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. पण चष्मा लावला म्हणून वेदनाशामक औषध कमी करायचं नाही. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात १७ चाचण्या आणि १,००८ मुलं होती. तरी पुरावा कमकुवतच ठरला. त्यामुळे जादूची अपेक्षा नको.

मेटा (फेसबुकची कंपनी) ने आपल्या ‘क्वेस्ट’ या व्हीआर चष्म्यासाठी किमान वय १० ठेवलंय. चार वर्षांच्या मुलाच्या नाकावरून असा चष्मा घसरतो, त्याला तो ओझं वाटतो. फिट येत असेल, उलट्या होत असतील किंवा चेहऱ्यावर जखम असेल तर नकोच. काही मुलांना सुई डोळ्यांनी बघायचीच असते. त्यांचे डोळे झाकले तर ती जास्त घाबरतात. आणि चष्म्याआड गुपचूप टोचू देऊ नका. ‘आता टोचणार’ हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढच्या वेळी ते मूल कुणावरच भरवसा ठेवणार नाही.

यातलं काहीही निवडा, पण मुलाला टेबलावर आडवं दाबून धरू देऊ नका. मांडीवर, छातीशी घेऊन बसा. हात तेवढा नर्सकडे द्या.

चष्म्यासाठी दवाखान्यात फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचारा: खेळ नुसत्या मान वळवण्यावर चालतो का (हात हलवून चालणार नाही), प्रत्येक मुलानंतर चेहऱ्याला लागणारं कव्हर बदलतात का, आणि सुईच्या आधी पाच-दहा मिनिटं मुलाला तो हाताळू देतात का. तिसऱ्याला ‘नाही’ आलं, तर मलम घेऊन जा.