फिशिंग कयाकवर काय लावलं आणि काय काढलं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात मासे गरवायला पहिली कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची लहान होडी, घेतली. साडेदहा फुटी, वर बसायची, जाड प्लास्टिकची, वजन 28 किलो. मेअखेरपर्यंत पस्तीसेक वेळा पाण्यात घातली. बहुतेक वेळा मालवणजवळच्या कालावलच्या खाडीत, चार-पाच वेळा कर्लीच्या खाडीत. आता पाऊस लागलाय, कयाक पडवीत आडवी करून ठेवली आहे आणि हाताशी वेळ आहे, म्हणून लिहितो. कयाकबद्दल फार लिहिणार नाही, कारण पहिली कयाक निवडताना लोक पुष्कळ विचार करतात. तिच्यावर काय चढवायचं याचा विचार मात्र दुकानात उभं राहूनच होतो. माझाही तसाच झाला, आणि पहिल्या दोन महिन्यांत घेतलेल्या सामानातलं निम्मं आज माळ्यावर आहे.

सुरुवात लाइफ जॅकेटपासून करतो. माझं पहिलं जॅकेट पर्यटकांच्या बोटीत देतात तसं, नारिंगी, चौकोनी फोमचं. त्यात बसून वल्हं मारायला लागलं की पुढचा फोम हनुवटीला लागतो, मागचा खुर्चीच्या पाठीला अडतो आणि अख्खं जॅकेट कानांपर्यंत वर येतं. वीस मिनिटांत मी ते काढून मागे ठेवायचो. मागे ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडलेल्या माणसाच्या काहीही कामाचं नाही, हे सांगायला नकोच. डिसेंबरात कयाकसाठीचं वेगळं जॅकेट घेतलं. त्याचा पाठीचा फोम वरच्या बाजूला असतो, खाली नुसती जाळी, त्यामुळे टेकून बसता येतं. पुढे चेन आणि दोन खिसे. त्या दिवसापासून जॅकेट अंगावरून उतरलेलं नाही, उन्हातही नाही. निवडताना एवढंच करा: घालून पट्टे आवळा आणि दुसऱ्या कुणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट नाकापर्यंत आलं तर ते तुमचं नाही. आणखी एक गोष्ट, माझं जॅकेट 50 न्यूटनचं आहे. म्हणजे साधारण 5 किलोची तरंगण्याची ताकद, आणि ती पोहता येणाऱ्यासाठी, काठाजवळच्या पाण्यासाठी धरलेली असते. पोहता येत नसेल तर 100 किंवा त्याहून जास्तीचंच घ्या, आणि खरं तर आधी पोहायला शिका.

जॅकेटच्या खिशात शिट्टी आणि सुरी. सुरी का, ते आता सांगतो.

त्रिपुरी पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. भरती दुपारी बाराच्या सुमारास संपली. पाणी सुकायला लागलं की मासा खाण्यावर येतो, म्हणून मी थांबलो. दीड किलोचा घडीचा नांगर, चार नख्यांचा, मी कयाकच्या मधल्या हँडलला बांधला होता, कारण हात तिथेच पोचत होता. दोन वाजेपर्यंत ओहोटीला जोर चढला. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं. त्या दिवसांत खाडीतून बाहेर पडणारं पाणी किती घाईत असतं, ते मी काठावरून खूप वेळा पाहिलं होतं, पण त्यात बसून कधी नाही. त्यात समोरून खारा वारा सुटलेला. पाणी समुद्राकडे निघालेलं आणि वारा समुद्राकडून येणारा, त्यामुळे लाटा उभ्या राहायला लागल्या. कयाक प्रवाहाला आडवी झाली. दोर ताणला गेला आणि त्या बाजूची कड खाली ओढली जाऊ लागली. आधी कडेवरून पाण्याची पातळ पट्टी आत आली, मग मांडीवर गार पाणी. मी दुसऱ्या बाजूला झुकलो तरी कड वर येईना. गाठ सोडायला गेलो, पण ताणातली भिजलेली गाठ सुटत नाही. तेव्हा सुरी मागच्या क्रेटमध्ये, डब्यात होती. मागे वळून ती काढेपर्यंतचे ते क्षण मला अजून आठवतात. दोर कापला, कयाक एकदम वर उसळली आणि प्रवाहाबरोबर निघाली. नांगर गेला, मी राहिलो.

संध्याकाळी शेजारच्या काकांना सांगितलं. त्यांची हयात या खाडीत गेली आहे. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘नांगर मधी बांधू नको रे झिला, होडी उलटतली. तोंडार नायतर पाठीर.’

मग मी नांगराची दोरी-गाडी बसवली. कयाकच्या एका बाजूने, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, दोन लहान कप्प्यांवरून फिरणारी दोरीची माळ आणि तिच्यात एक कडी. नांगराचा दोर त्या कडीतून जातो. बसल्या जागेवरून माळ ओढली की कडी टोकाला जाते, म्हणजे नांगर टाकायचा हाताजवळ आणि त्याचा ताण मात्र टोकावर. दोराच्या माझ्याकडच्या बाजूला चटकन सुटणारी क्लिप आणि मच्छीमारांच्या जाळ्याला असतो तसा बोया. जड मासा लागला किंवा पाणी बिथरलं तर क्लिप सोडायची, बोया तरंगत राहतो, मागाहून येऊन नांगर उचलायचा. हे सगळं दोरी, दोन कप्प्या आणि एक कडी एवढ्यात होतं. महागडा संच घ्यायची गरज नाही. कयाकवर लावलेल्या सगळ्या सामानात मी आज याला जॅकेटच्या खालोखाल मानतो.

नांगर कालवांच्या खडकात अडकतो, हा दुसरा प्रश्न. त्यावर उपाय असा की दोर नांगराच्या बुडाच्या भोकाला बांधायचा आणि वरच्या कडीला एका केबल टायने नुसता धरून ठेवायचा. अडकला की जोरात ओढायचं, टाय तुटतो, ओढ उलट्या बाजूने बसते आणि नांगर सुटतो. मी दोन नवे नांगर असे वाचवले आहेत.

उथळ पाण्यात मात्र नांगर नकोच, बांबू हवा. आठ फुटी, एका टोकाला तासलेला, दुसऱ्या टोकाला दोरी. कमरेएवढ्या पाण्यात चिखलात रोवायचा आणि दोरी त्याच माळेच्या कडीला अडकवायची. नांगर पडल्याचा आवाज नाही, गाळ उठत नाही. याचं खरं मोल तांबोशी हा मासा गरवताना कळतं. तांबोशी कांदळवनाच्या मुळांत दबा धरून असते. गळाची कोळंबी मुळांपासून हातभर अंतरावर पडली की झडप येते आणि पहिल्या दोन सेकंदांत तांबोशी परत मुळांत घुसायला बघते. काठावरून गरवताना तुमचे पाय जमिनीवर असतात. कयाकमध्ये मासाच तुम्हाला ओढतो. जानेवारीत अशा तीन तांबोश्या मी घालवल्या. रॉड वाकलेला, रीळ आवळलेलं, आणि कयाक मात्र अलगद झाडीत शिरत चाललेली. डोक्यावर कांदळवनातल्या चिपीच्या झाडाच्या फांद्या आल्या की खेळ संपला. चौथ्या वेळी मागच्या टोकाला बांबू रोवलेला होता. कयाक जागची हलली नाही, बांबू करकरला, दोरी माझ्या कोपराशी तारेसारखी ताठ झाली आणि मासा मुळांच्या तोंडाशी येऊन थांबला. मग हळूहळू वळला. पाण्यातून वर आला तेव्हा त्या गढूळ हिरव्या पाण्यात तांब्याचं भांडं घासून धरावं तसा दिसला. दोन किलोला थोडा कमी. बांबू परसातला, खर्च शून्य.

वल्ह्याबद्दल दुकानात मला माझी उंची विचारली, कयाकची रुंदी कुणी विचारली नाही. फिशिंग कयाक रुंद असतात, माझी 34 इंच आहे, आणि बैठकही उंच. 220 सेंटिमीटरचं वल्हं घेतलं आणि महिनाभर बोटांची पेरं कडेवर घासून घेतली. 240 चं घेतल्यावर प्रश्न मिटला. ॲल्युमिनियमचं दोन तुकड्यांचं असेल तर प्रत्येक फेरीनंतर जोड उघडून गोड्या पाण्याने धुवा. खारं पाणी आणि वाळू आत राहिली तर जोड असा धरतो की दोन माणसांनी ओढूनही निघत नाही. वल्ह्याला दोरी बांधलेली हवीच.

रॉड होल्डर. बैठकीच्या मागे दोन कंपनीतूनच येतात. मी उत्साहाने पुढे आणखी दोन बसवले, फिरणारे. दोन्ही वल्ह्याच्या वाटेत येत होते. ते बसवताना केलेली चूक जास्त महागात पडली. बाजारातले साधे स्क्रू आणि घरातलं सिलिकॉन वापरलं. या प्लास्टिकला सिलिकॉन नीट धरत नाही आणि साध्या स्क्रूंना दोन महिन्यांत गंज चढला. एके दिवशी किनाऱ्यावर कयाक उचलली तर आत पाणी डुचमळण्याचा आवाज. मागची बूच काढली, अर्धी बादली पाणी निघालं. आता तिथे 316 दर्जाच्या स्टीलचे बोल्ट आणि रबरी नट आहेत, होल्डर काढून टाकले. पहिले दोन महिने कयाकला एकही भोक पाडू नका. तोवर कुठे हात जातो, कुठे वल्हं जातं हे अंगवळणी पडतं, मग भोकाची जागा आपोआप कळते. आणि पाण्यात ढकलण्याआधी बूच हाताने चाचपायची, रोज.

मागच्या उभ्या होल्डरचाही एक धोका सांगतो. प्रवाहाबरोबर झाडीखालून जाताना उभा रॉड फांदीत अडकतो आणि आपलं लक्ष पुढे असतं. माझा एक रॉड रिळासकट असा गेला. आता प्रत्येक रॉडला दोरी आहे आणि कांदळवनात शिरण्याआधी मी रॉड आडवे करतो.

सामान ठेवायला मागे आंब्याचं प्लास्टिक क्रेट. त्याला केबल टायने पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, की झाले आणखी दोन होल्डर, भोक न पाडता. जाळीदार असल्याने पाणी साचत नाही. लवचीक दोरीने चारी बाजूंनी बांधायचं. फक्त त्यात कधीतरीच लागतील त्या वस्तू ठेवायच्या. लगेच लागतील त्या अंगावर. पकड जॅकेटच्या खिशात असावी, कारण शिंगाळा लागला तर त्याचे काटे विषारी असतात आणि कयाकमध्ये मासा येतो तो थेट दोन मांड्यांच्या मधे. माशाचा जबडा धरायचा चिमटाही तेवढाच गरजेचा, तो मी उजव्या गुडघ्याजवळ ठेवतो.

पाण्याखालची खोली आणि मासे पडद्यावर दाखवणाऱ्या फिश फाइंडरचं दुःख वेगळं. माझ्या खर्चातली ती सगळ्यात मोठी रक्कम होती. यंत्रात दोष नाही, पडदा स्वच्छ, खोली अचूक. पण माझं पाणी 1 ते 4 मीटर खोल. त्यासाठी दोन किलोहून जड 12 व्होल्टची बॅटरी, वायरींचा गुंता आणि एक खांब, एवढं सगळं सांभाळत बसणं परवडत नाही. फेब्रुवारीत काढून ठेवला. त्याऐवजी मी अमावस्येच्या सुकतीला खाडी चालत पाहिली. पाणी पार उतरलं की सगळं उघडं पडतं: कुठे खोलवा आहे, कुठे कालवांचा खडक, कुठे जुनं झाड पडलंय. मोबाइलवर फोटो काढले, जागा खुणा करून ठेवल्या. भरतीच्या पाण्याखाली आता मला ते सगळं दिसतं. समुद्रात खडपांवर जाणाऱ्याला फाइंडर लागेल, पण पहिल्या वर्षी कयाक घेऊन समुद्रात जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

भरतीची वेळ बघायला ॲप आहेच, पण काकांचा हिशेब मला जास्त आवडतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीच्या आत थोडा उशीर धरायचा. मी कॅलेंडर बघून निघतो, मतलई वारा असेपर्यंत गरवतो आणि अकराच्या आत काठाला लागतो.

किरकोळ गोष्टी भरभर सांगतो. कयाक काठापर्यंत ओढून न्यायला चाकांची गाडी घ्यायची तर पट्ट्याने बांधायची घ्या. कयाकच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात, त्यांत खुंट्या घालायची गाडी त्या भोकांवरच सगळं वजन टाकते आणि तिथे तडे जातात. वाळूत बारीक चाकं रुततात, फुगीर हवीत. मोटारीच्या टपावर कयाक बांधताना रॅचेटचा पट्टा नको, तो जास्त आवळला जाऊन प्लास्टिकला पोचा येतो. साध्या बकलचा पुरे, शिवाय पुढून-मागून एकेक दोरी. मोबाइल पाणबंद पिशवीत, गळ्यात. माशांसाठी थर्माकोलचा खोका नेऊ नका, चुरा खाडीभर होतो. मी ओलं गोणपाट आणि बर्फाची पिशवी नेतो. आणि कितीही सोय वाटली तरी कुणाच्या जाळ्याच्या खुंटाला कयाक बांधू नका. आपली हौस असते, त्यांचं पोट असतं.

नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळलं की फक्त एक वस्तू नवीन घेणार आहे: मागे उभ्या काठीवर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा. पहाटे फायबरच्या होड्या इंजिन लावून खाडीतून बाहेर पडतात आणि पाण्याच्या पातळीवर बसलेला माणूस त्यांना दिसत नाही. एप्रिलमध्ये एक होडी माझ्यापासून दोन वल्ह्यांच्या अंतरावरून गेली. तांडेलाने मागे वळून हात केला, तोही घाबरला होता. डोक्यावरची बॅटरी मान वळवली की दुसरीकडे बघते, म्हणून दिवा डोक्यापेक्षा उंच हवा. काठीसाठी बांबूच बघून ठेवलाय, दिवा मात्र चांगला घेईन.