स्टेशनाला लागून असलेली ब्रिटिश हॉटेलं: काही महिने राहून झाल्यावर

कामानिमित्त गेले काही महिने लंडन, यॉर्क, मँचेस्टर, एडिनबरा अशी माझी सारखी ये-जा चालू आहे. सुरुवातीला ऑफिस नेहमीच्या साखळी हॉटेलांत खोली घेऊन द्यायचं. पुढे जिथे भाडं जवळपास तेवढंच असेल तिथे मी जुनी रेल्वे हॉटेलं मागून घ्यायला लागले. आता मत पक्कं झालंय. खोली म्हणून बघाल तर ही हॉटेलं यथातथाच आहेत. जिने, दिवाणखाने आणि गाडीतून उतरून पाच मिनिटांत मुक्कामी पोचण्याचं सुख बघाल तर त्यांना तोड नाही. आणि दोन्ही गोष्टी त्यांच्या इतिहासातूनच आल्या आहेत.

रेल्वेच्या आधी प्रवासी घोडागाडीच्या वाटेवरच्या सरायांत उतरायचे. लंडनमध्ये सदर्क भागात ‘द जॉर्ज’ ही 1677 साली पुन्हा बांधलेली सराय अजून उभी आहे, आता पब म्हणून चालते. तिच्या लाकडी सज्ज्यांची आता एकच बाजू उरलीय, बाकीचा भाग रेल्वेनेच पाडला. 1839 मध्ये लंडनच्या युस्टन स्टेशनाला रेल्वेची पहिली हॉटेलं उघडली आणि मग प्रत्येक रेल्वे कंपनीला आपलं हॉटेल हवंसं झालं. हिशेब सोपा होता: उतारू तिकिटाचे पैसे देतोच, तर जेवणाचे आणि झोपण्याचेही आपल्याकडेच देऊ देत.

या चढाओढीतलं सगळ्यात देखणं अपत्य म्हणजे लंडनच्याच सेंट पँक्रस स्टेशनाच्या दर्शनी भागातलं मिडलँड ग्रँड. ते 1873 मध्ये उघडलं आणि आता वेगळ्या नावाने चालतं. तिथे राहणं महाग आहे, मी एकदाच हौस केली. मुख्य जिना मात्र मी कितीतरी वेळ बघत बसले. आधी एकच वाट चढते, मग दोन्हीकडे फुटून वर जाते. खाली उभं राहून मान वर केली की पायऱ्यांच्या पोटाखालचे लोखंडी आधार उघडे दिसतात. ते झाकून टाकायची गरज बांधणाऱ्याला वाटली नाही, उलट त्यांनाच नक्षीने सजवलंय. भिंती गडद लाल, त्यावर सोनेरी फुलं.

हा वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृह याचंच काम, तेही मुंबईत पाऊल न टाकता! चर्चगेटहून फोर्टकडे चालत गेलेल्या माणसाला सेंट पँक्रससमोर ओळखीचं वाटतं ते उगाच नाही.

एवढं करूनही 1935 मध्ये हे हॉटेल बंद पडलं. कारण आपल्याला लगेच पटेल असं: तीनशेच्या आसपास खोल्या आणि न्हाणीघरं बोटांवर मोजण्याइतकी. नोकर गरम पाणी, कोळसा वर वाहून न्यायचे. पुढे पाहुण्यांना खोलीतच नळ हवा झाला, पण आग लागू नये म्हणून घातलेल्या जाड काँक्रीटच्या जमिनींतून नळ नेणार कसे? मग रेल्वेची कचेरी झाली, इमारत पाडायचीही भाषा सुरू झाली. कवी जॉन बेट्जमन आणि इतरांनी आवाज उठवला, 1967 मध्ये तिला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं आणि 2011 मध्ये ती पुन्हा हॉटेल म्हणून उघडली.

आजही कुठल्याही जुन्या हॉटेलात बाथरूम कोपऱ्यात कोंबल्यासारखी वाटली, तर ती खरोखरच नंतर कोंबलेली असते. दर दहा पावलांवर जे जड दरवाजे ढकलत बॅग न्यावी लागते, त्यामागेही कारण आहे. 1969 च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सॅफ्रन वॉल्डनमधल्या एका हॉटेलला आग लागून 11 माणसं गेली. त्यानंतर 1971 चा अग्निसुरक्षेचा कायदा आला. हे वाचल्यापासून मी त्या दरवाजांवर वैतागत नाही.

एक गोष्ट मला या सगळ्याहून मोठी वाटते. आलेल्या प्रवाशाला, जागा असताना आणि तो पैसे द्यायला तयार असताना, सरायवाल्याने योग्य कारणाशिवाय परत पाठवता कामा नये, असा इंग्लंडचा फार जुना दंडक. 1943 मध्ये वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवर सामना खेळायला आला. रसेल स्क्वेअरच्या इंपीरियल हॉटेलात कुटुंबासह खोल्या आधीच ठरलेल्या. तिथे त्याला सांगितलं, फार तर एक रात्र राहा. कारण त्याचा रंग. वर्णभेदाविरुद्ध कायदा तेव्हा नव्हताच, तो 1965 मध्ये आला. कॉन्स्टंटाइन या जुन्या सरायांच्या दंडकाच्या बळावर कोर्टात उभा राहिला आणि 1944 मध्ये जिंकला. भरपाई फक्त पाच गिनी, म्हणजे पाच पौंडांहून जरा जास्त, पण निकाल त्याच्या बाजूने लागला. माझ्यासारखीला रिसेप्शनवर कोणी दोनदा विचारत नाही, त्यामागे अशा माणसांचे कष्ट आहेत, हे मी मनापासून मानते.

रोजच्या वापराचं सांगायचं तर खोलीत किटली, दोन कप, चहाच्या पुड्या आणि बिस्किटं ठेवायची ब्रिटिश पद्धत मला फार आवडते. रात्री उशिरा पोचलं तरी कुणाला हाक मारावी लागत नाही. नाश्त्याला शाकाहारी माणसाने ब्लॅक पुडिंगपासून लांब राहावं, ते डुकराच्या रक्ताचं असतं. स्कॉटलंडमध्ये पॉरिज घ्यावं. एडिनबराच्या बॅल्मोरल या रेल्वे हॉटेलाचं घड्याळ लोकांची गाडी चुकू नये म्हणून तीन मिनिटं पुढे ठेवतात, फक्त 31 डिसेंबरला बरोबर लावतात. मँचेस्टरच्या 1903 च्या मिडलँड हॉटेलात मोटारवाले रोल्स आणि रॉइस 1904 साली पहिल्यांदा भेटले. तिथलं शेजारचं स्टेशन 1969 मध्ये बंद झालं, हॉटेल मात्र चालू आहे.

तक्रारी आहेत. एका शहरात मला वरच्या मजल्यावर, उतरत्या छपराखाली खोली मिळाली. पूर्वी तिथे नोकरचाकर राहत असावेत. शॉवरला धार नाही, खिडकी उघडेना, पहाटेपासून गाड्यांचे आवाज. आता बुकिंग करतानाच मधला मजला आणि रुळांपासून लांबची खोली मागते, बहुतेक वेळा मिळते.

भाडं परवडत नसेल तर राहूच नका. सेंट पँक्रसच्या जुन्या तिकीटघरात आता बार आहे, तिथे चहा घ्यायला खोली घ्यावी लागत नाही. दुपारी जा, गर्दी कमी असते, भिंतींवरचं लाकडी काम नीट बघता येतं.