चालता धंदा घेण्याआधीची हिशेब तपासणी: पैसे वसूल
नाशिकच्या कॉलेज रोडवरचं दुकान असो की सातपूरचं वर्कशॉप, सीएकडून ही तपासणी करून घ्याच. ३ वर्षांची नफा-तोटा पत्रकं, जीएसटीआर-३बी (जीएसटीची विवरणपत्रं) आणि बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून विक्री जुळवली जाते (बँकेतल्या जमेत जीएसटीही असतो, तो वगळूनच). अखेरचा साठा २ लाखांनी फुगवला की नफाही तेवढाच फुगतो. त्यामुळे गोदामात माल मोजायला लावा. मालकाचा पगार आणि त्याच्याच गाळ्याचं भाडं बहुतेकदा खर्चात धरलेलं नसतं. ते वजा केलं की ५ लाखांचा नफा दीडवरही येतो! खटकलं एकच: जीएसटीची जुनी थकबाकी कलम ८५ नुसार घेणाऱ्याच्याही गळ्यात पडते, आणि ते अहवालात अगदी शेवटच्या पानावर. बयाणा देण्याआधी तेवढं विचाराच.