‘एफ/२.८’ म्हणून विकलेली झूम लेन्स

मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यासाठी सेकंडहँड स्टँडर्ड झूम लेन्स घेताना माझी फसवणूक झाली, आणि ती अशा रीतीने झाली की दुसऱ्या कोणालाही सहज फसवता यावे. म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

विक्रेत्याने लेन्स ‘एफ/२.८’ अशी जाहीर केली होती आणि संपूर्ण झूमभर अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे) तेवढेच राहते, असे ठामपणे सांगितले होते. प्रत्यक्षात ती एफ/२.८-४ होती, म्हणजे २.८ केवळ वाइड (रुंद दृश्याच्या) टोकाला मिळत होते. टेलि (दूरचे जवळ दाखवणाऱ्या) टोकाला एफ/४ वर निम्माच प्रकाश आत येतो, आणि कमी उजेडात माणसांची छायाचित्रे काढणाऱ्याला नेमकी तिथेच अडचण होते. लेन्सच्या पुढच्या कड्यावरील आकड्यांपैकी ‘-४’ हा भाग काळ्या रंगाने झाकलेला होता, हे लेन्स प्रखर प्रकाशात तिरपी धरल्यावरच लक्षात आले. ही चूक नव्हे, हेतुपुरस्सर केलेली लबाडी आहे.

अ‍ॅपर्चर रिंगवर आकडे का नाहीत, असे मी विचारले होते. ‘रिंग इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणून नाहीत,’ असे उत्तर मिळाले. ते अर्धसत्य होते, आणि म्हणूनच पटण्यासारखे होते. आकडे असलेल्या रिंगाही इलेक्ट्रॉनिक असू शकतात. खरे कारण असे की झूमबरोबर कमाल अ‍ॅपर्चर बदलत असेल, तर रिंगवर कायमचे आकडे सहसा कोरत नाहीत. फुजिफिल्मच्या १६-५५ मिमी एफ/२.८ लेन्सच्या रिंगवर आकडे आहेत, तर १८-५५ मिमी एफ/२.८-४ च्या रिंगवर नाहीत, ते याच कारणाने.

दुसरा दोष याहून वाईट होता. अ‍ॅपर्चरची पाती अडकत होती. दाखवताना विक्रेत्याने मंद उजेडाच्या खोलीत अ‍ॅपर्चर ‘ए’ (ऑटो) वर ठेवले होते. अशा वेळी कॅमेरा बहुधा अ‍ॅपर्चर पूर्ण उघडेच ठेवतो, पात्यांना हलावेच लागत नाही आणि छायाचित्रे निर्दोष येतात. उन्हात एफ/११ वर मात्र लागोपाठच्या फ्रेम कधी योग्य, कधी पांढऱ्याफटक येऊ लागल्या.

त्यामुळे पैसे देण्यापूर्वी आपला कॅमेरा सोबत न्यावा. अ‍ॅपर्चर सर्वांत लहान आकड्यावर ठेवून वाइडपासून टेलिपर्यंत झूम करावे आणि व्ह्यूफाइंडरमधला आकडा बदलतो का ते पाहावे. मग मॅन्युअल मोडमध्ये शटर स्पीड स्थिर ठेवून, ऑटो आयएसओ (कॅमेऱ्याने प्रकाशसंवेदनशीलता आपोआप बदलणे) बंद करून, एकाच भिंतीची एफ/११ वर सलग दहाबारा छायाचित्रे घ्यावीत. त्यांचा उजळपणा एकसारखा नसेल, तर लेन्स घेऊ नये. पाठवलेल्या नमुना छायाचित्रांतून अ‍ॅपर्चर आणि फोकल लेंग्थची (झूम किती मिमीवर होते याची) नोंद पुसलेली असेल, तर मूळ फाइल मागावी. माझ्या विक्रेत्याने ती देण्याचे टाळले होते, आणि तक्रार केल्यावर संदेशांना उत्तर देणेही बंद केले.