टर्मिनलमध्ये मेल वाचायचीय: अल्पाइन घ्यावं की मट?

ब्राउझरमध्ये मेल उघडली की जुना लॅपटॉप धापा टाकतो, त्यात नागपूरचा मे महिना. वाडीकडच्या गोदामांत आणि ट्रान्सपोर्ट ऑफिसांत असे लॅपटॉप अजून रग्गड सापडतील. मेल होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर असते, रोज बिल्टी आणि बिलांचीच देवाणघेवाण, म्हणजे नव्वद टक्के काम साध्या अक्षरांचं. अशा मशीनवर लिनक्स टाकून टर्मिनलमध्येच, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, मेल वाचायची असेल, तर अल्पाइन आणि मट हे दोन मेल प्रोग्रॅम आधी पाहावेत. एअर्क हा नवा भिडूही चांगला आहे, पण सुरुवात त्याच्यापासून करा असं मी म्हणणार नाही.

प्रोग्रॅम निवडण्याआधी एक ठरवा: मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची, की लॅपटॉपवर उतरवून घ्यायची? सर्व्हरवर ठेवून वाचणार असाल तर माझं मत अल्पाइनला. हा वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जुन्या पाइन या मेल प्रोग्रॅमचा वारस. आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत, ज्यांनी 1986 मध्ये मांडली ते मार्क क्रिस्पिन पुढे त्याच विद्यापीठात होते आणि त्यांची सी-क्लायंट ही मेल आणणाऱ्या कोडची लायब्ररी अल्पाइनच्या पोटात आहे. त्यामुळे दूरच्या सर्व्हरवरची मेल वाचणं हे त्याचं मूळचंच काम. इनबॉक्स कितीही फुगलेला असो, पडद्यावर दिसतील तेवढ्याच ओळींची माहिती ते मागवतं.

मांडणीही सोपी. मुख्य मेनूत एस, मग सी, की सेटिंगची लांब यादी येते. त्यात इनबॉक्स पाथवर गेलं की सर्व्हरचं नाव विचारतं. तिथे सर्व्हरचा पत्ता, तिरपी रेघ, एसएसएल (सुरक्षित जोडणीची खूण), पुन्हा तिरपी रेघ, मग यूजर, बरोबरचं चिन्ह आणि पूर्ण ईमेल पत्ता, एवढं एका दमात, मध्ये जागा न सोडता लिहायचं. पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, दिला नाही तरी 993 धरला जातो. फोल्डर विचारलं की इनबॉक्स. झालं. कुठली कळ काय करते हे खालच्या दोन ओळींत सतत दिसतं, म्हणून ऑफिसातल्या दुसऱ्या माणसाला शिकवायलाही त्रास नाही. बँकेच्या, जीएसटीच्या एचटीएमएल, म्हणजे वेबपानासारख्या सजवलेल्या, मेल ते स्वतःच साध्या मजकुरात दाखवतं.

मटमध्ये असं हाताला धरून नेणारं कोणी नाही. 1995 पासूनचा प्रोग्रॅम, स्वतःबद्दलचं त्याचं वाक्यही प्रसिद्ध आहे: सगळेच मेल प्रोग्रॅम वाईट, हा जरा कमी वाईट. एका मजकूर फाइलीत फोल्डर, इनबॉक्स, पाठवणारा सर्व्हर हे सगळं आपणच लिहायचं. यूजरनेम म्हणून पूर्ण ईमेल पत्ता असेल तर तो आयमॅप यूजरच्या वेगळ्या ओळीत द्या, कारण पत्त्यातलं ॲट आणि सर्व्हरच्या आधीचं ॲट यांची गल्लत होते. हेडर कॅशची, म्हणजे शीर्षकं साठवून ठेवण्याची, ओळ विसरलात तर प्रत्येक वेळी सगळ्या मेलची शीर्षकं नव्याने उतरतील आणि तुम्ही मटला शिव्या द्याल. एचटीएमएलसाठी डब्ल्यू3एम किंवा लिंक्स असा मजकुरी ब्राउझर जोडावा लागतो. एवढं करून मिळतं काय? एका पार्टीच्या वर्षभराच्या मेल एका पॅटर्नने निवडायच्या, टॅग करायच्या आणि एका फटक्यात हलवायच्या. अल्पाइनलाही हे येतं, पण मटमध्ये हात जास्त भराभर चालतो. दिवसाला शंभर-दीडशे मेल येत असतील तरच ही मेहनत वसूल. नवीन सुरुवात करत असाल तर मटचंच 2016 पासूनचं नवं रूप, निओमट घ्या, फाइल बहुतेक तशीच चालते.

मेल उतरवूनच घ्यायची असेल, म्हणजे वीज गेली की राउटर बंद पडतो किंवा विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्रभर रेंज येते-जाते, तर जोडी ठरलेली: एमबीसिंक आणि मट. आयसिंक या पॅकेजातलं एमबीसिंक सर्व्हर आणि लॅपटॉप दोन्हीकडची मेल जुळवून ठेवतं, मट लॅपटॉपवरची प्रत वाचतं. अल्पाइन इथे मागे पडतं. एक्सपंज, म्हणजे पुसलेली मेल कायमची काढून टाकणं, मात्र सुरुवातीला बंदच राहू द्या. दोन्हीकडे चालू केलंत, तर लॅपटॉपवर पुसलेली मेल सर्व्हरवरूनही कायमची जाते.

पाठवलेल्या मेलचं फोल्डर दोघांतही आवर्जून सर्व्हरवरचं द्या. नाहीतर प्रती लॅपटॉपवरच साचतात आणि मोबाइलवर पाहणाऱ्याला वाटतं, भाऊनं उत्तरच दिलं नाही. मेल जीमेलवर असेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. टू-स्टेप पडताळणी चालू करून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड काढा, किंवा ओऑथ, म्हणजे पासवर्ड न देता परवानगी देण्याची पद्धत, जोडा. दोघांनाही ते जमतं, पण त्यात एक संध्याकाळ जाते.

मराठी मेल बऱ्याच येत असतील तर दोन्हींत अडचण सारखीच. लोकेल, म्हणजे सिस्टिमची भाषेची सेटिंग, यूटीएफ-8 हवंच, पण जोडाक्षरं फुटणं, वेलांटी सरकणं हा कारभार टर्मिनलचा. स्वतःलाच ‘कृपया त्वरित प्रत्युत्तर द्यावे’ असा विषय टाकून एक मेल धाडा आणि दोन-तीन टर्मिनलांत उघडून बघा. ज्यात ती ओळ धड वाचता येईल ते टर्मिनल ठेवा. कुठेच वाचता आली नाही, तर मराठी मेलपुरतं थंडरबर्ड हा टर्मिनलबाहेरचा मेल प्रोग्रॅम बरा.