किमोनोच्या आतली जोडी: हादाजुबान आणि सुसोयोके

किमोनोच्या आत घालायला बायकांसाठी तयार मिळतात ते दोन प्रकार: खांद्यापासून पोटरीपर्यंतची अखंड स्लिप, नाहीतर हादाजुबान (वरचं, अंगाला लागून घालायचं) आणि सुसोयोके (खालचं, कमरेला गुंडाळायचं) यांची जोडी. जोडीच घ्या. गळा मागे ओढला की अखंड स्लिपचा घेरही सोबत सरकतो. जोडीत दोन्ही आपापल्या जागी बसवता येतात.

‘हादा’ म्हणजे त्वचा. ‘जुबान’ हा शब्द पोर्तुगिजांबरोबर जपानात आला आणि त्याचं मूळ अरबी ‘जुब्बा’. म्हणजे आपल्या झब्ब्याचाच हा लांबचा नातेवाईक!

हादाजुबानचं अंग सराशीचं असावं. हे धुवट सुती कापड मलमलीहून जाड, मांजरपाटाहून मऊ असतं. बाह्या गॉझच्या असल्या तर उत्तम, घाम छान टिपतात. घोळ होतो तो मानेशी. किमोनोची कॉलर मानेमागे साधारण मुठीएवढी सुटी ठेवतात. हादाजुबानचा गळा तितका मागे गेला नाही तर त्याची कड डोकावते. दिसायला हवी ती वरच्या नागाजुबानची, म्हणजे किमोनोच्या लगेच आतल्या लांब झग्याची, हान-एरी (गळ्याला टाचलेली सुटी पट्टी), ही नव्हे. डावा पदर उजव्यावर घ्या, मग पाठीमागे कमरेखाली कापड मधोमध धरून खाली ओढा. कड आत जाते. उजवा पदर वर कधीच नको, तशी नेसवण मृतांची.

सुसोयोके म्हणजे ‘काठ राखणारं’. दिसायला परकरासारखं, पण शिवून बंद केलेलं नाही, गुंडाळायचं. वरचा पट्टा सराशीचा, खाली गुळगुळीत कापड. इथे पॉलिस्टर टाळा: थंड कोरड्या हवेत ते पायांना चिकटतं आणि चालताना किमोनो अडकतो. क्युप्रा (कापसापासून बनवलेलं गुळगुळीत, रेशमासारखं कापड) घ्या, जपानात त्याला बेम्बर्ग म्हणतात. माप उंचीवर नव्हे, नितंबांवर ठरवा. पुढे पदर भरपूर एकमेकांवर यायला हवेत, नाहीतर पाऊल टाकताच फाकतात. गुंडाळताना दोन्ही टोकं किंचित वर उचला, म्हणजे ती खाली लोंबत नाहीत. नाडी करकचून आवळू नका. साडी परकरात खोचतात, किमोनो मात्र वेगळ्या कोशिहिमोने, म्हणजे कमरेच्या दोरीवजा पट्टीने, बांधतात. सुसोयोकेवर त्याचा भार नसतो.

ताबी (अंगठा वेगळा असलेले मोजे) मात्र सगळ्यात आधी घाला, नंतर वाकवत नाही.

पहिल्या धुण्यात सराशी आटते, क्युप्रा तितकं आटत नाही, आणि जोडावर चुण्या पडतात. कापड दमट असतानाच पट्टा हाताने ताणून सरळ करा. क्युप्रा ओलं असताना कमजोर असतं. पिळू नका, जाळीच्या पिशवीत धुवा.