शनिवार एकच आहे: प्रदर्शन पाहावं, फिल्म की परफॉर्मन्स?

माझी मावसबहीण पुण्यात राहते. मागच्या हिवाळ्यात तिने एक शनिवार मुंबईसाठी मोकळा ठेवला आणि फोन करून विचारलं, "एका गॅलरीत चित्रांचं प्रदर्शन आहे, महिनाभर चालणार आहे. त्याच संध्याकाळी दुसरीकडे फिल्म दाखवतायत, आणि तिसरीकडे परफॉर्मन्स आहे, म्हणजे कलाकार स्वतःच लोकांसमोर काहीतरी करतो ते. मी काय बघू गं?" मी ऑफिसात होते, घाईत होते. म्हटलं, "प्रदर्शन काय, नंतरही बघता येईल. परफॉर्मन्स एकदाच होतो, तो बघ." ती गेली. अडीच तास भिंतीला टेकून उभी राहिली. गर्दीत निम्मं दिसलं नाही, जे दिसलं त्याचा धागा लागला नाही, आणि रात्री उशिरा पाय दुखवून घेऊन घरी पोचली. प्रदर्शनासाठी पुन्हा यायचं जमलं नाही. ते संपलं.

चूक तिची नव्हती, माझ्या सल्ल्याची होती. "जे पुन्हा होणार नाही ते आधी" हा नियम ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण काय बघायचं हे त्याने ठरत नाही. मी बरीच वर्षं फोर्टात नोकरी करते, जेवणाच्या सुट्टीत आणि ऑफिस सुटल्यावर काळा घोडा, कुलाबा, बॅलार्ड इस्टेटच्या गॅलऱ्या पालथ्या घालते. तिन्ही प्रकारांत मला जाणवलेला मोठा फरक असा, की तिथला वेळ वेगवेगळ्या माणसाच्या हातात असतो. प्रदर्शनात तो तुमच्या हातात असतो, फिल्ममध्ये दिग्दर्शकाच्या, आणि परफॉर्मन्समध्ये पुष्कळदा आधी कळतच नाही कोणाच्या. म्हणून आधी आपल्याकडे वेळ किती आणि कसा आहे ते बघावं, मग कार्यक्रमपत्रक उघडावं.

प्रदर्शनापासून सुरुवात करते, कारण बाहेरगावच्या माणसाचा निर्णय बहुधा इथेच होतो. यातही दोन जाती आहेत. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून उभी आहे. तिथल्या दालनांत साधारण आठवड्याचं गणित चालतं: मंगळवारी नवं प्रदर्शन लागतं, सोमवारी उतरतं. त्यामुळे "पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हटलं की गेलंच. पण जहांगीरची जी गोष्ट मला सर्वांत आवडते ती म्हणजे चित्रकार बहुतेक वेळ तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. कोल्हापूर, नाशिक, सोलापूरकडून आलेले कितीतरी जण भेटतात. मराठीत सरळ विचारा, "हा रंग असा का लावलात?" कोणी हसत नाही, उलट चहा मागवतात. पहिल्यांदा गॅलरीत पाऊल टाकणाऱ्याला यापेक्षा सोपा दरवाजा नाही.

खाजगी गॅलऱ्यांचा कारभार वेगळा. प्रदर्शन पाच-सहा आठवडे चालतं, आत शांतता असते, बेल वाजवावी लागते, आणि बिचकायला होतं. बिचकू नका. प्रवेशाला पैसे नसतात आणि काही विकत घ्यावं अशी अपेक्षाही नसते. यांतली केमोल्ड 1963 मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाली आणि 2007 मध्ये फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडवर गेली. आज जहांगीर बघून तिथे चालत जाता येतं. एका सकाळीत मुंबईच्या चित्रकलेची दोन टोकं बघायची असतील तर हा रस्ता धरा. फक्त रविवारी यांतल्या बहुतेक बंद असतात, सोमवारीही पुष्कळ ठिकाणी कुलूप असतं, म्हणून शनिवार.

खाजगी गॅलऱ्यांबद्दल एक तक्रार मनात आहे ती बोलून टाकते. भिंतीवरचा मजकूर जवळजवळ नेहमी इंग्रजीत असतो, तोही जड. मुंबईत, मराठी माणसाच्या दारात, चार ओळी मराठीत लावायला काय हरकत आहे? तोवर माझा उपाय असा: मजकूर न वाचता एक फेरी मारायची, ज्या एका कामापाशी पाय थांबतील तिथे दहा मिनिटं उभं राहायचं, आणि मग वाचायचं. उलट क्रमाने गेलं की माणूस चित्राऐवजी मजकुराची उदाहरणं बघत बसतो.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए, जहांगीरपासून चार मिनिटांवर आहे. 1911 चा कावसजी जहांगीर हॉल 1996 पासून संग्रहालय झाला. तिथे एकेक टप्पा वर चढत घुमटाखाली पोचायचं असतं. जागा देखणी आहे, पण गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचार करावा. सोमवारी बंद.

आणि "प्रदर्शन काय, नंतरही बघता येईल" हे माझं वाक्य तर फार जुन्या पुराव्याने खोटं ठरलेलं आहे. 1992 मध्ये चित्रकार नलिनी मालानी यांनी केमोल्डच्या भिंतींवरच थेट चित्रं काढली होती. प्रदर्शन संपलं तेव्हा ती पुसून टाकली गेली. ज्यांनी "नंतर बघू" म्हटलं त्यांना फोटोच बघावे लागले.

आता फिल्म. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त फसगत याच शब्दापाशी होते. गॅलरीत फिल्म म्हटल्यावर पुष्कळांना वाटतं की हा चित्रकलेला जोडलेला पाहुणा. तसं नाही. मकबूल फिदा हुसेन यांनी 1967 मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या लघुपटाला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन बेअर हे पारितोषिक मिळालं. चित्रकार अकबर पदमसींनी 1969 मध्ये मुंबईत चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले एकत्र काम करतील अशी कार्यशाळा उभी केली. नलिनी मालानी तरुणपणी तिथेच कॅमेरा हाताळायला लागल्या. तैयब मेहतांनी 1970 मध्ये 'कूडल' केला, सोळा मिनिटांचा, त्यातली दृश्यं वांद्र्याच्या कत्तलखान्यात टिपलेली. त्यांच्या चित्रांतला कोसळता बैल ज्याने पाहिलाय त्याने ही सोळा मिनिटं चुकवू नयेत. अशा फिल्म अधूनमधून एखाद्या प्रदर्शनाच्या निमित्ताने दाखवल्या जातात, आणि त्या वेळी मी बाकी सगळं सोडून जाते.

पण पत्रकावर नुसतं "फिल्म" लिहिलेलं असेल तर आधी शोधा की ती लूपवर आहे की ठरलेल्या वेळेला. लूप म्हणजे अंधाऱ्या खोलीत ती दिवसभर फिरत राहते, तुम्ही मधेच शिरता. ही प्रदर्शनाचाच भाग समजा. लेबलवर मिनिटं लिहिलेली असतात, ती वाचून ठरवा बसायचं की नाही. काही कामं तर गॅलरीखेरीज कुठे बघताच येत नाहीत. अमर कंवर यांचं 'द लायटनिंग टेस्टिमनीज' 2007 चं, आठ पडद्यांवर एकाच वेळी चालणारं, बत्तीस मिनिटांचं. फाळणीपासून पुढच्या काळात या उपखंडातल्या बायकांनी सोसलेल्या लैंगिक हिंसेबद्दल ते आहे. आठ पडद्यांमधे उभं राहिल्यावर मान कुठे वळवावी कळत नाही, आणि जिकडे वळवली नाही तिकडेही काहीतरी घडत होतं ही बोचणी बाहेर आल्यावरही राहते. मोबाइलच्या एका पडद्यावर हे होणं शक्य नाही.

ठरलेल्या वेळेचं स्क्रीनिंग ही वेगळी गोष्ट. ते बहुधा सहा-साडेसहाला सुरू होतं, खुर्च्या मोजक्या, प्रवेश पुष्कळदा मोफत पण आधी नाव नोंदवावं लागतं, आणि नोंदणी असूनही उशिरा आलात तर जमिनीवर बसावं लागतं. मुंबईतल्या 'कॅम्प' या कलाकारांच्या गटाने 2013 मध्ये 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ' ही त्र्याऐंशी मिनिटांची फिल्म पूर्ण केली. कच्छच्या आणि इतर किनाऱ्यांवरच्या खलाशांनी आखाती देशांतून सोमालियाकडे माल नेताना आपापल्या मोबाइलवर जे टिपलं, त्यावर हवी ती गाणी चढवली, त्यातून ती बनली आहे. ही फिल्म उभ्या उभ्या दहा मिनिटं बघून काही हाती लागत नाही. अंधारात इतरांबरोबर बसलात की तासाभराने तुम्ही पण त्या गलबतावर असता. फिल्म सोसायटीत वाढलेल्यांना, म्हणजे प्रभात चित्र मंडळाचे खेळ ज्यांनी पाहिलेत त्यांना, हे वातावरण पहिल्या मिनिटापासून ओळखीचं वाटेल. शिवाय नंतर दिग्दर्शकाशी गप्पा असतात. प्रश्न विचारायला लाजू नका. तिथले उत्तम प्रश्न मी कलेशी संबंध नसलेल्या माणसांकडून ऐकले आहेत.

परफॉर्मन्स. मराठी माणूस इथे नाटकाची सवय घेऊन जातो आणि तिथेच अडखळतो. तिसरी घंटा होत नाही, मध्यंतर नसतं, पात्रपरिचय नसतो, गोष्ट असेलच असंही नाही. दादरच्या छबिलदास शाळेच्या छोट्या हॉलमधली प्रायोगिक नाटकं ज्यांनी पाहिली त्यांना जवळून बघण्याची भीती नव्हती, पण तिथेही संहिता होती. इथे कलाकाराचं शरीर आणि तुमची हजेरी एवढंच असतं. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतरच्या काळात, 1995 मध्ये, कलाकार रुमाना हुसेन यांनी मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात एक परफॉर्मन्स केला. पायात घुंगरू, हातात अर्धी कापलेली पपई, आणि आवाज न काढता उघडलेलं तोंड. त्या नुसत्या चालत राहिल्या. मी तेव्हा तिथे नव्हते, फोटोच पाहिलेत, आणि दर वेळी वाटतं की घुंगरांचा आवाज त्यांत नाही. परफॉर्मन्स हुकला की नेमकं हेच हुकतं.

तरी आता मी तो डोळे मिटून सुचवत नाही. आधी गॅलरीला फोन करून विचारा: किती वेळ चालणार, मधे येता-जाता येईल का, बसायला काही आहे का. वीस-तीस मिनिटांचा असेल तर वेळेवर पोचायलाच हवं. एकदा लोकल रखडली म्हणून मी सात मिनिटं उशिरा पोचले आणि दार बंद. चूक माझी होती, पण पनवेलवरून आले असते तर रडलेच असते. दीर्घ परफॉर्मन्सचं उलट. निखिल चोप्रांनी 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये सलग नऊ दिवस परफॉर्मन्स केला. असलं काम कोणी एका बैठकीत बघत नाही आणि बघायचं नसतंही. कोकणात जत्रेतलं दशावतार रात्रभर चालतं, लोक मधे भजी खायला उठतात, पोरांना झोपवून परत येतात, आणि तरी "बघितलं" म्हणतात. दीर्घ परफॉर्मन्सला तीच पद्धत चालते: सकाळी एकदा जा, संध्याकाळी पुन्हा. काय बदललं, काय साचलं, ते दुसऱ्या फेरीत दिसतं. माझ्या बहिणीला हे मी सांगायला हवं होतं. ती अडीच तास एका जागी उभी राहिली कारण निघून जाणं तिला उद्धटपणाचं वाटलं.

आता निवड. पुण्याहून डेक्कन क्वीनने येणाऱ्याचं गणित रेल्वेच करून टाकते. सकाळी सव्वासातला निघालात की साडेदहाच्या आत सीएसएमटी, तिथून काळा घोडा चालत वीस मिनिटं. परतीची गाडी पाच दहाला. स्क्रीनिंग सुरू व्हायच्या आत तुम्ही गाडीत बसलेले असता. म्हणजे प्रदर्शनं, आणि लूपवरची एखादी फिल्म. यात कमीपणा काही नाही. पहिल्यांदाच येत असाल तर मुक्काम शक्य असला तरी मी हेच सांगेन, कारण नवख्याला आधी स्वतःच्या गतीने बघायची सवय हवी. लहान मुलं बरोबर असतील तरीही प्रदर्शनच.

मुक्कामाची सोय असेल, किंवा रात्री दादरहून शिवनेरी पकडायची तयारी असेल, तर संध्याकाळ फिल्मला द्या. बसायला मिळतं, सुरुवात-शेवट माहीत असतो, आणि नंतरच्या गप्पांमुळे दिवसा पाहिलेल्या चित्रांचंही काहीतरी उलगडतं. परफॉर्मन्स मी मुंबईत, ठाण्यात, वसईत राहणाऱ्यांसाठी ठेवते, जे नाही पटलं तर तास-दीड तासात घरी पोचतात आणि पटलं तर उद्या परत येतात. अपवाद एकच: त्या कलाकाराचं काम आधीपासून तुमच्या मनात घर करून असेल, तर नागपूरहूनही या.

गोव्यात हिशेब बदलतो. पणजीत 2016 पासून डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी महोत्सव भरतो, तिथे तिन्ही प्रकार एकाच शहरात आणि मुक्काम बहुधा दोन-तीन रात्रींचा. तिथे परफॉर्मन्स पहिला धरा, अर्धा बघून बाहेर पडलात तरी संध्याकाळ वाया जात नाही.

बहीण पुढच्या महिन्यात पुन्हा येतेय, या वेळी शुक्रवारी रात्रीच माझ्याकडे. शनिवारी अकराला जहांगीर, मग चालत फोर्टातल्या दोन गॅलऱ्या, दुपारी घरून नेलेला डबा, साडेसहाच्या फिल्मसाठी दोघींची नावं नोंदवून ठेवली आहेत. त्याच दिवशी कुलाब्यात सकाळपासून रात्रीपर्यंत चालणारा एक परफॉर्मन्सही आहे. तिथे आम्ही दुपारी वीस मिनिटं डोकावणार, आणि तिला आवडला तर फिल्म सुटल्यावर पुन्हा.